मंद उजेडाची सोय

९ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. परवा फोन केला होता. तू नेहमीप्रमाणे "हॅलो, हॅलो, मोठ्यानं बोल" करत राहिलास आणि शेवटी कंटाळून फोन वहिनीच्या हातात दिलास. तेव्हा पत्रच बरं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत ना तुझे?

सोबतच्या खोक्यात ह्यांचा टॉर्च आहे. ओळखशीलच. चार मोठे सेल मावणारा, स्टीलचा, मुसळासारखा. राउंडवरून आले की हे आधी त्याला फडक्यानं पुसायचे, मग स्वतःचं तोंड धुवायचे. आता हे गेले आणि इमारतीची देखभाल माझ्याकडे आली, तसं हे मुसळही माझ्याकडे आलं. तळघरात पंप, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली, सगळीकडे रोज फिरून यावं लागतं. तिथले निम्मे दिवे कमिटीनं काढून टाकलेत. टॉर्चचा बल्ब पिवळा पडलाय, नवे सेल घातले तरी चार दिवसांत मान टाकतात. हल्लीचे ते एलईडी आणि चार्जिंगचे सेल असतात, त्यातलं काही बसवता येईल का?

कमिटीनं मला अजून कायम केलेलं नाही. सेक्रेटरी म्हणतात, "नव्या वर्षात बघू, बाई. तळघराचं काम बायकांना झेपतं का तेही बघायला हवं." म्हणजे तोवर कामात खोट सापडता कामा नये. काम गेलं तर जिन्याखालची ही खोलीही गेली. मग कुठं जायचं, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

बाकी ठीक. खोलीतला दिवा गेलाय, वायरमनला सांगून ठेवलंय. वहिनीला नमस्कार.

तुझी,
चिमी


२१ ऑगस्ट

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. खोकं फोडून मुसळ हातात घेतलं आणि क्षणभर वाटलं, मेहुणेच दारात उभे आहेत. झाकण फिरवलं तर आत जुन्या सेलचं पाणी सुटलेलं, स्प्रिंग गंजून लाल. तिथंच माझे हात शिवशिवायला लागले. दोन दिवस जेवायला हाक मारली तरी उठलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, "बहिणीचा टॉर्च आलाय की बहिणीचं लग्न निघालंय?"

आता ऐक काय काय केलंय. जुना बल्ब काढून तिथं एलईडी बसवला. दिसायला नखाएवढा, पण लावला की समोरच्या घरातली माणसं खिडकीत येतात. या जातीचा एक स्वभाव आहे, तापला की मरतो. म्हणून त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमची जाड चकती दिली. चकती एका पातेल्याच्या बुडातून कापली आहे. पातेलं कुणाचं, ते वहिनीला अजून कळलेलं नाही, तूही पत्रात उल्लेख करू नकोस.

सेल लिथियमचे, तीन, एकापाठोपाठ. जुन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे आत खुळखुळायला लागले. मग प्लंबरकडून पाइपचा तुकडा आणला आणि अंगाबरोबर सदरा शिवावा तसा त्यांच्यावर बसवला. सोबत चार्जरची डबी आहे. सेल टॉर्चमधून काढून डबीत ठेवायचे, डबीवरचा लाल दिवा हिरवा झाला की परत घालायचे. आणि बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून वेगळे ठेव, नाहीतर आतल्या आत झिजतात. एवढं नीट लक्षात ठेव.

इकडे घर भरलंय. सूनबाईला दिवस गेलेत, तिचे आईवडील आलेत. दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून माझं सामान मागच्या खोलीत छताला टेकलंय. ती एकदा आवरली की तू ये चार दिवस.

तुझा,
दादा


१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

काय रे हे करून ठेवलंस! पहिल्यांदा लावला तेव्हा तळघरातलं मांजर पिलांसकट पळालं. सेक्रेटरी समोरून येत होते, ते डोळ्यांवर हात धरून ओरडले, "बाई, विमान उतरवताय का?" मी म्हटलं, "नाही साहेब, तुम्हालाच शोधत होते." टाकीमागं पाणी झिरपतंय ते मला त्याच दिवशी दिसलं, प्लंबर बोलावून बंद करून घेतलं. पण त्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नाही.

अडचण एकच. चार्ज पुरत नाही. संध्याकाळी लावला की माझं जेवण व्हायच्या आत विझतो, तोही न सांगता, एकदम. जुना बिचारा आधी पिवळा पडून कळवायचा तरी. आणि दुसरं म्हणजे तो उभा राहत नाही. बूड गोल, टेबलावर ठेवला की घरंगळतो. उभा राहून छताकडे उजेड टाकेल असं काही होईल का? आणि सेल चार्ज होत असतात तेव्हा मी काय करायचं? आणखी एक जोड मिळाला तर बरं होईल.

खोलीतला दिवा अजून आलेला नाही. वायरमन म्हणतो, कमिटीनं सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. चार्जर पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे लावते. बिचाऱ्या एका शब्दानं बोलत नाहीत.

तुझी,
चिमी


२६ सप्टेंबर

प्रिय चिमे,

आशीर्वाद. चार्ज पुरत नाही हे वाचून माझं डोकंच फिरलं. तडक त्या सेलवाल्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, "माझ्या बहिणीच्या हातात तू टरफलं दिलीस." तो म्हणे, "आजोबा, तुमच्या बहीणबाई टॉर्च वापरतात की सिनेमा दाखवतात?" भरल्या दुकानात त्याची अशी हजेरी घेतली की त्यानं मुकाट्यानं दुसरे सेल काढून दिले. ते पाठवतोय. जुने टाकून दे, म्हणजे सेलवाल्याचं पाप तुझ्या घरात नको.

दुसरा जोड मात्र मुद्दाम पाठवत नाही. सेल चार्ज होतात तेवढा वेळ तूही जरा बसून घे की. स्वतःला जुंपून घ्यायची तुझी सवय लहानपणापासूनची.

मागचं झाकण नवं केलंय. बूड सपाट, वर खुर्चीच्या पायाचं रबर. जुनं फिरवून काढ, हे बसव. आता भूकंप झाला तरी मुसळ उभं राहील. यासाठी एक खुर्ची लंगडी झाली आहे. ती मी पाहुण्यांना देत नाही, स्वतः बसतो.

दिव्याचं म्हणतेस, तर होल्डर बदलून घे. बहुतेक वेळा होल्डरच गेलेला असतो.

तुझा,
दादा


७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

होल्डर बदलून झाला, दिवा लागला नाही. होल्डर नव्हता.

टॉर्च आता छान उभा राहतो. छतावर आपटून उजेड खोलीभर पसरतो. पण फार पांढरा आहे रे. त्या उजेडात भात आणि चुना सारखाच दिसतो. भाजी खाली लागली की नाही ते वासावरून ओळखते. सुईत दोरा ओवायला गेलं की डोळे दिपतात, आणि भिंतीवर माझीच सावली एवढी मोठी पडते की कुणी आलंय असं वाटून मी वळून बघते.

म्हणून टॉर्च परत पाठवतेय. रागावू नकोस. पूर्वीसारखा पिवळा आणि मंद करता येईल का? पण झोपेपर्यंत टिकेल असा? आणि टांगायला एक कडी. पुढचं टोक गरम होतं ते मात्र तसंच राहू दे. गार दिवस सुरू झालेत, हात शेकायला बरं पडतं.

जमेल तेवढ्या लवकर पाठव. टॉर्च तुझ्याकडे आहे तोवर मी मेणबत्तीवर आहे.

सेक्रेटरींनी खोलीची दुसरी किल्ली मागून घेतली. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मागची खोली आवरली का?

तुझी,
चिमी


२० नोव्हेंबर

प्रिय चिमे,

आशीर्वाद. पत्र वाचून आधी फुगून बसलो होतो. जगातली माणसं माझ्याकडं येऊन सूर्य मागतात, आणि आमची बहीण काजवा मागते! पण मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "वयानं डोळ्यांना पांढरं सोसत नाही, मलाही नाही सोसत." तेव्हा राग गेला. खरंच, आता तूही लहान राहिली नाहीस.

पिवळ्या जातीचा एलईडी शोधून आणला. लोण्यासारखा उजेड आहे. आत एक छोटं सर्किट घातलं. बटण एकदा दाब, मोठा. दोनदा दाब, मध्यम. तीनदा दाबलंस की अगदी मंद, आणि मंद ठेवलास तर संध्याकाळी लावलेला तुला झोप येईपर्यंत पुरेल, वर उरेल. ही मंद उजेडाची सोय मला दोनदा जमली नाही, सर्किट दोनदा जाळलं, तिसऱ्यांदा जमली. माझ्या हातून इतकं नाजूक काम आजवर झालं नव्हतं. कडी तांब्याच्या तारेची केली आहे, शोभेलही.

मेणबत्ती घेऊन तळघरात जात जाऊ नकोस. पंपाजवळ तेल सांडलेलं असतं.

एवढा वेळ टॉर्च चालू म्हणजे किती राउंड घेतेस गं? मेहुणेही असेच होते. सेक्रेटरीच्या नजरेला पडलं पाहिजे हे सगळं. नव्या वर्षात तुला कायम करतात की नाही बघ.

मागच्या खोलीचं विचारलंस. सूनबाईचे दिवस भरत आलेत, पाळणा कुठं ठेवायचा यावर रोज सभा भरते. उन्हाळ्यानंतर बघू.

तुझा,
दादा


२८ डिसेंबर

प्रिय दादा,

नात झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. तिच्यासाठी एक झबलं शिवलंय, खोक्यात आहे. टाके वाकडे असतील तर हसू नका.

टॉर्च चांगला चालला. मंद ठेवला की खरंच झोपेपर्यंत पुरतो. आता बटण अडकतं, तीनदा दाबलं तरी मोठाच लागतो. म्हणून पाठवतेय. लवकर कर.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
चिमी


१२ जानेवारी

प्रिय चिमे,

बटण का अडकतं ते पाहायला टॉर्च उघडला. बटणाच्या खाचेत पीठ होतं. मळलेल्या कणकेचं, वाळून दगड झालेलं.

मी ते सुईनं कोरून काढत होतो आणि माझा हात थांबला. तळघरात कणीक कोण मळतं?

मग मुसळ उलटसुलट फिरवून पाहिलं. काचेवर तेलाचा चिकट थर, फोडणीच्या वाफेनं बसतो तसा. कडीला निळा दोरा गुंडाळलेला, झबल्याच्या टाक्यांचा आहे तोच. रबराच्या बुडाला मेण. हा टॉर्च राउंडला कमी आणि चुलीपाशी जास्त राहिलाय.

तुझी पत्रं टेबलाच्या खणात होती. काढली आणि पहिल्यापासून वाचली. दिवा गेलाय. दिवा आलेला नाही. होल्डर नव्हता. मेणबत्तीवर आहे. आणि शेवटच्या पत्रात दिव्याबद्दल काहीच नाही. तेच वाचवेना.

चिमे, तू ऑगस्टपासून अंधारात राहतेस?

अगं, मी जन्मभर वायरी जोडल्या. तुझ्या खोलीतला दोष शोधायला मला चहा गार व्हायच्या आत जमलं असतं. मी निघतो. टॉर्च दुरुस्त झालाय, घेऊनच येतो. पण एक सांग, तू सरळ का नाही लिहिलंस?

तुझा,
दादा


२० जानेवारी

दादा,

सरळ म्हणजे कसं लिहायचं असतं ते शिकवून ठेवायचं होतंस. "खोलीतला दिवा गेलाय" हे वाकडं आहे का?

तुला जे जे मागितलं ते तू केलंस. मागितल्यापेक्षा चांगलं केलंस. उभा राहायला हवा म्हटलं, तू खुर्ची लंगडी केलीस. पिवळा हवा म्हटलं, तू लोणी शोधून आणलंस. चार्ज पुरत नाही म्हटलं, तर भरल्या दुकानात माझ्यासाठी भांडलास. पण का मागते, हे एकदा विचारलं नाहीस. राउंड घेणाऱ्या बाईला उभा राहणारा टॉर्च कशाला लागतो? टांगणारा कशाला लागतो? तुझ्या त्या सेलवाल्याला शंका आली, तुला नाही आली.

आणि तुला कळलं नाही, हे मला खरं वाटत नाही. तू लोकांच्या रेडिओची खरखर ऐकून आत काय बिघडलंय ते सांगायचास, तेव्हा कान होते तुझे. मला वाटतं, तू जवळ येऊन पाहायचं टाळलंस. पाहिलं असतंस तर "ये" म्हणावं लागलं असतं. टॉर्च दुरुस्त करणं त्यापेक्षा सोपं होतं. टॉर्चला खोली लागत नाही.

आता सगळं सांगते, सरळ. वायर तुटली नव्हती, काढलेली होती. वायरमननंच मला कबूल केलं. सेक्रेटरींनी सांगून काढायला लावली, म्हणजे मी कंटाळून आपणहून जाईन आणि त्यांनी कुणाला काढलं असं होणार नाही. मी गेले नाही. तुझ्या टॉर्चवर शिवले, रांधले, जेवले, आणि राउंड एकही चुकवला नाही. त्यांना वाटलं होतं पंधरवड्यात जाईल. तेवढं श्रेय तुझंच आहे, घे.

नव्या वर्षाची सभा झाली. देखभालीला कंपनीचा माणूस ठेवायचं ठरलं. मी महिनाअखेरीला खोली सोडतेय. तू येऊ नकोस. येऊन काय पाहणार? दिवा?

चिमी


८ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

येऊ नकोस म्हणालीस, तरी आलो होतो. अवजारांची पिशवी घेऊन आलो, याचं हसू येईल तुला. मला दुसरं काय घेऊन येता येतं?

तुझ्या खोलीच्या दारात कंपनीचा पोरगेला रखवालदार बसला होता. आत दिवा जळत होता. मी विचारलं, "हा दिवा कुणी लावला?" तो म्हणाला, "आजोबा, बटण दाबलं."

मीटरची खोली दाखव म्हणून गळ घातली. भला माणूस, त्यानं दाखवली. सगळे स्क्रू गंजलेले, त्यात एकच नवा, चकाकणारा. तुझ्या खोलीची वायर. तेवढा एक स्क्रू पिळायचा होता, चिमे. मी पेचकस हातात धरून तिथं उभा राहिलो आणि त्याला करायला काही उरलेलं नव्हतं. त्या पोराला वाटलं मला चक्कर येतेय, त्यानं स्टूल दिलं.

मग वर नर्सबाईंकडे गेलो. दार उघडून त्या म्हणाल्या, "म्हणजे ते टॉर्चवाले दादा तुम्हीच?" चहा केला, पण समोर बसल्या नाहीत. तुझा पत्ता द्यायला त्यांनी फार वेळ घेतला. टॉर्च त्यांच्याकडे ठेवलाय, त्या तुला पोचवतील.

तू लिहिलंस ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला खरंच दिसलं नाही की मी पाहिलं नाही, हे मी स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता सरळ लिहितो. ये. मागच्या खोलीतलं सामान काढायला घेतलंय. फक्त वहिनीशी एकदा नीट बोलून घेतो. बाळ लहान आहे, सूनबाईची आई अजून इथंच आहे, एकदम गडबड नको. महिन्या-दोन महिन्यांत नक्की कळवतो.

तुझा,
दादा


२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र मिळालं. वहिनीशी बोलायची घाई करू नकोस. बाळाला जपा. झबलं अंगाला बसलं का, तेवढं कळव.

मी इस्पितळाच्या धुलाईत लागले आहे. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. मशीनच धुतं, आम्ही घड्या घालतो. नर्सबाईंनीच चिकटवून दिलं. राहायला सगळ्याजणींची मिळून एकच लांबलचक खोली आहे. हसून खेळून असतात पोरी, मला मावशी म्हणतात.

इथं दिवा बंदच होत नाही. एकीची पाळी संपते तेव्हा दुसरीची सुरू होते, कुणी कपडे बदलत असतं, कुणी पत्र लिहीत असतं. डोक्यावर पांढरीफेक नळी, तुझ्या पहिल्या एलईडीसारखी. सुरुवातीला डोळा लागायचा नाही. आता ह्यांचं ते टॉर्च पुसायचं फडकं डोळ्यांवर घालते आणि झोपते.

टॉर्च नर्सबाईंनी आणून दिला. बटण छान लागतं. एकदा लावून पाहिला, तीनदा दाबून. सोय खरंच फार सुंदर झाली आहे. मग पुसून ट्रंकेत ठेवला. सेल काढून वेगळे ठेवलेत. बरेच दिवस वापर नसेल तर आतल्या आत झिजतात, असं तूच लिहिलं होतंस.

तुझी,
चिमी